कुत्री पाळणाऱ्यांसाठी: लक्ष्मीपूजनाआधी एवढं करा

मंडळी, आमच्या गंगापूर रोडला दिवेलागणीपासूनच फटाक्यांचे बार उडायला लागतात, तेव्हा फिरवणं आणि जेवण उजेडातच उरका. पट्ट्यावर मोबाइल नंबर हवाच. बिथरलेलं कुत्रं साखळी तोडून पळतं. आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, टीव्ही चालू. आमचा शेरू दिवाणाखाली घुसून धापा टाकतो, पाय लटलट कापतात. त्याला मी ओढून काढत नाही. जुनी गोधडी आत सरकवून शेजारी बसते. जवळ घेतल्याने भीती वाढते, हा गैरसमज आहे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र चुकूनही नकोत. औषध लागणार असेल तर प्राण्यांच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना बंदी आहे (कागदावर तरी!).