भुरी, नवे घर आणि बाबांचा सल्ला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणे अर्धवट राहिले आणि मी जरा तुटकपणे फोन ठेवला, याची रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून सगळे नीट लिहून कळवते. घर मिळाले आहे, भाडेकरारावर सह्याही झाल्या आहेत आणि माझ्या पाळीव सशाचा, भुरीचा, उल्लेख त्या करारात आहे. हा उल्लेख करून घ्यायचा हट्ट मी का धरला, तेच सांगायचे आहे.

बाबा, तुमचा सल्ला असा होता की आधी राहायला जावे, मालकांशी ओळख वाढवावी आणि मग हळूच ससा आणावा. आईचे म्हणणे त्याहून सोपे होते, की ससाच तो, कुणीही सांभाळेल. दोघांच्याही बोलण्यामागची काळजी मला कळते, कारण भुरीचे नाव काढताच तीन घरमालकांनी मला नकार दिला, त्यांपैकी एकांनी तर घर दाखवता दाखवता मधूनच दार ओढून घेतले. पण भुरी आता पाच वर्षांची आहे आणि पाळीव ससे साधारण 8 ते 12 वर्षे जगतात, म्हणजे लपवायचे म्हटले तर ते आठवडाभराचे काम नव्हे. शिवाय ती भुंकत नाही हे खरे असले, तरी रात्री काही खुट्ट झाले की मागचा पाय जमिनीवर असा आपटते की खालच्या मजल्यावरच्यांना वर कुणी पाटा उचलून टाकतो आहे असे वाटावे. अशा प्राण्याला गुपचूप ठेवणे निदान मला तरी जमणार नाही.

दुसऱ्या कुणाकडे देण्याचा विचार मी एक रात्र केला होता, खोटे कशाला सांगू. परंतु जागा आणि माणसे एकदम बदलली की ससे बिथरतात, बिथरले की खाणे टाकतात, आणि बारा तास जरी पोटात काही गेले नाही तरी त्यांच्या आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकते. सशाला उलटीसुद्धा करता येत नाही. मागे एकदा तिने सकाळचे गवत हुंगून सोडून दिले होते, तेव्हा मी सुट्टी टाकून डॉक्टरांकडे धावले होते, हे आईला आठवत असेल.

आधीच्या घराची अनामत रक्कम कापली गेली त्याचा दोष तुम्ही भुरीला देता, पण त्यातला मोठा वाटा माझा आहे, हे तेव्हा मी तुम्हाला सांगितले नव्हते. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजण्यासाठी त्याला सतत वाळलेले गवत चघळावे लागते. मी त्या दिवसांत कामाच्या गडबडीत गवत मोजून टाकत असे, आणि तिला कुरतडण्याजोगे दुसरे काही दिले नाही, तेव्हा तिने बेडरूमच्या दाराची चौकट खालून वीतभर सोलून काढली. फरशीवरचा डाग हा तर निव्वळ माझा अडाणीपणा. अन्नातले जास्तीचे कॅल्शियम ससे लघवीतून बाहेर टाकतात, म्हणून तिचा वाळल्यावर पांढरा चुनकट थर बसतो. तो व्हिनेगरने निघतो असे कळल्यावर मी कोपऱ्यातल्या संगमरवरावर बाटलीच उपडी केली. थर निघाला, पण आम्लाने संगमरवरही खाल्ला आणि तळहाताएवढ्या जागेची झिलई कायमची गेली.

म्हणून या वेळी घर पसंत पडताच, दुसऱ्या भेटीच्या आधीच, मी मालकांना सगळे सांगून टाकले, चौकटीची हकीकतसुद्धा. त्यांनी विचारले ते एवढेच की वास येतो का आणि पिल्ले होतील का. लेंड्या कोरड्या असतात आणि त्यांना फारसा वास नसतो, वास लघवीचा येतो, तेव्हा ट्रे रोज साफ केला की प्रश्न मिटतो, हे मी सांगितले. आणि पिल्लांच्या भीतीवर डॉक्टरांचा तिच्या शस्त्रक्रियेचा कागद पुढे ठेवला. ती शस्त्रक्रिया खरे तर गर्भाशयाच्या कर्करोगाच्या धास्तीने करून घेतली होती, पण तिच्यामुळेच ट्रेची सवय पक्की झाली. मग करारात ‘एक पाळीव ससा’ असे शब्द आले, आणि घर सोडताना चौकटी व भिंतीकडेच्या पट्ट्या माझ्या खर्चाने पूर्ववत करून देण्याची अटही आली. अट मला वाजवी वाटली. ताबा घेण्याआधी दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे फोटो काढले.

घर तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावरचे एक स्वस्तात मिळत होते, पण त्याच्या भिंती दुपारभर तापत होत्या, आणि सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे सोडतो, त्यामुळे तिशीच्या पुढचे तापमान त्याला धोक्याचे ठरते. फरशी मात्र इथली फार गुळगुळीत आहे. भुरीच्या तळपायांना मांजरासारख्या गाद्या नसून केवळ केस असल्याने ती घसरते, म्हणून तिच्या वावरायच्या जागेत सतरंज्या अंथरल्या आहेत. चार्जरच्या वायरी नळीत घातल्या आहेत.

राहिल्या त्या चौकटी. बाबा, तुम्ही मला पुष्कळ वेळा म्हणाला आहात की रंधा नुसता पडून आहे. खिळा न ठोकता बसेल आणि जाताना काढून नेता येईल अशी फळी प्रत्येक चौकटीच्या खालच्या भागाला हवी आहे, उंची दोन फूट पुरे, कारण मागच्या पायांवर उभी राहिली तरी भुरीचे तोंड त्याहून वर पोचत नाही. लाकूड बिनरंगाचे आणि बिनपॉलिशचे ठेवा, ती ते चावणारच आहे. चारही दारांची मापे मागच्या पानावर लिहिली आहेत. स्वयंपाकघराच्या दाराची डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा इंच अरुंद आहे, ती माझी चूक नाही, दोनदा मोजली आहे.

तुमची लेक