हेडफोनसाठी ॲम्प्लिफायर घेताना खोक्यावरचा आकडा पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अलीकडे हेडफोनच्या खरेदीविषयी जी माहिती आली, तिच्यात ३०० ओहमचा हेडफोन चालवायला जड (म्हणजे पुरेशा आवाजासाठी जास्त जोर मागणारा) आणि ५० ओहमपर्यंतचा हलका, असे सरसकट विधान होते. जड हेडफोन असणाऱ्यांनी जास्तीत जास्त मिलिवॅटचा पोर्टेबल ॲम्प्लिफायर, म्हणजे हेडफोनला जोर पुरवणारे छोटे यंत्र, घ्यावा, असा सल्लाही त्याला जोडलेला होता. सीताबर्डीत माझे ध्वनियंत्रांच्या दुरुस्तीचे काम चालते आणि याच हिशेबाने खरेदी केलेली माणसे माझ्याकडे यंत्र 'बिघडले' म्हणून घेऊन येतात. यंत्रात बहुतेक वेळा दोष नसतो. आवाज एक तर पुरत नाही, किंवा इतका पुरतो की व्हॉल्यूमचे बटण पाव फेऱ्याच्या पुढे नेण्याची सोय राहत नाही. दोन्ही प्रकारांत पैसे गेलेले असतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हेडफोन जड की हलका, हे केवळ ओहमवरून ठरत नाही. ओहममध्ये मोजला जाणारा इम्पिडन्स (हेडफोनचा विजेला होणारा विरोध) आणि त्याच्या शेजारी छापलेली संवेदनशीलता (ठरावीक विजेवर मिळणारा आवाज), हे दोन आकडे एकत्र वाचल्याशिवाय काहीच कळत नाही. संगीतातील मोठ्या आवाजाच्या क्षणांसाठी ११० डेसिबलपर्यंतची मुभा ठेवायची असे धरून तीन परिचित हेडफोनांचा हिशेब मांडतो. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा असून १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. त्याला सव्वादोन व्होल्ट लागतात आणि वीज लागते जेमतेम १७ मिलिवॅट. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० ची ६०० ओहमची आवृत्ती १ मिलिवॅटला ९६ डेसिबल देते. तिला सुमारे ३.९ व्होल्ट आणि २५ मिलिवॅट पुरतात, प्रवाह तर साडेसहा मिलिॲम्पियरही जेमतेम होतो. आता हायफायमॅनचा एचई-६ पाहा. ओहम फक्त ५०, म्हणजे पुरवणीच्या नियमाने हलका. पण त्याची संवेदनशीलता १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल असल्याने त्याच पातळीसाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट, ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पियर लागतात. ओहम बाराव्या हिश्शाचे आणि मागणी अठरापट! पहिल्या दोघांना व्होल्टची भूक आहे, तिसऱ्याला व्होल्टबरोबर प्रवाहही हवा आहे, आणि खिशात मावणारे बहुतेक ॲम्प्लिफायर या तिसऱ्यापुढे हात टेकतात.

येथे एक खाचखळगा आहे. काही कंपन्या संवेदनशीलता १ मिलिवॅटवर सांगतात, काही १ व्होल्टवर, आणि जाहिरातीत पुष्कळदा नुसते 'डेसिबल' एवढेच छापलेले असते. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी या दोन पद्धतींत १५ डेसिबलचा फरक पडतो, ३०० ओहमसाठी सुमारे ५ डेसिबलचा. त्यामुळे ११२ छापलेला हेडफोन ९७ छापलेल्यापेक्षा हलका असेलच असे नाही; दोन्ही ३२ ओहमचे असतील आणि एकाने व्होल्टवर, दुसऱ्याने मिलिवॅटवर आकडा दिला असेल, तर ते अगदी सारखे आहेत.

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचा मिलिवॅटचा आकडा तर याहून फसवा. तो बहुधा ३२ ओहमच्या भारावर (म्हणजे तेवढ्या ओहमचा हेडफोन जोडल्यासारखे धरून) मोजलेला असतो आणि तुमचा हेडफोन ३०० ओहमचा असतो. समजा, दोन यंत्रांवर '३२ ओहमला १२५ मिलिवॅट' असेच छापले आहे. पहिले यंत्र २ व्होल्टच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ३०० ओहमवर ते १३ मिलिवॅट देईल. दुसरे ४ व्होल्टपर्यंत जाऊ शकते, पण ३२ ओहमवर त्याचा प्रवाह अपुरा पडल्यामुळे ते १२५ वर अडले होते. ३०० ओहमवर तेच यंत्र ५३ मिलिवॅट देईल. छापील आकडा एक आणि प्रत्यक्षात चौपट अंतर. प्रामाणिक कंपन्या दोन भारांवरचे आकडे देतात. उदाहरणार्थ, कॉर्ड कंपनीने आपल्या मोजो या पोर्टेबल यंत्राच्या पहिल्या आवृत्तीसाठी ८ ओहमला ७२० मिलिवॅट आणि ६०० ओहमला ३५ मिलिवॅट असे दोन्ही आकडे दिले होते. दुसरा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ६०० ओहमवर ३५ मिलिवॅट म्हणजे साडेचार व्होल्टांच्या वर, आणि वरच्या डीटी ८८० ला ते पुरून उरतात. केवळ मोठा आकडा पाहणारा ग्राहक नेमका हाच आकडा वाचून यंत्र परत ठेवील.

शिवाय वीज दुप्पट केली तरी पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते, आणि आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला दहापट वीज लागते. ५०० मिलिवॅटऐवजी १००० मिलिवॅटचे यंत्र घेण्यासाठी काही हजार रुपये जादा मोजणाऱ्यांनी हे दुकानात पाय ठेवण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

आपल्याला नक्की किती व्होल्ट लागतात, हे घरी मोजता येते आणि त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. आपल्या संग्रहातील सर्वांत मंद पातळीचे ध्वनिमुद्रण लावावे आणि व्हॉल्यूम आपल्याला रुचेल तिथे आणावा. वसंतराव देशपांडे सभागृहातील मैफली न चुकवणारे आमचे काही ज्येष्ठ ग्राहक जुनी रेडिओ मुद्रणे ऐकतात. त्यांत तानपुरा आणि विलंबित आलाप इतके खालच्या पातळीवर असतात की आजच्या चित्रपटगीताला जो व्हॉल्यूम कान दुखवील, तोच तिथे अपुरा पडतो. म्हणून मोजणी अशाच मुद्रणावर करावी. मग व्हॉल्यूमला हात न लावता, दोन तोंडांचा स्प्लिटर लावून एका तोंडात हेडफोन तसाच ठेवावा, पण डोक्यावरून काढून टेबलावर ठेवावा. दुसऱ्या तोंडात सुटी पिन घालून तिच्या टोकावर आणि मागच्या कड्यावर मीटरच्या काड्या धराव्यात, मीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा (ध्वनिमुद्रणात मावणाऱ्या कमाल पातळीचा) सूर वाजवावा. साधे मीटर घरच्या विजेच्या ५० हर्ट्झसाठीच बनवलेले असतात, म्हणून सूरही तोच घ्यावा. १००० हर्ट्झवर स्वस्त मीटर भलतेच काही दाखवतो. मीटरवर जो आकडा दिसेल, तेवढे व्होल्ट तुम्हाला जास्तीत जास्त लागतात. फोनचा व्हॉल्यूम पूर्ण केल्यावर ०.९ व्होल्ट दिसले आणि आवाज थोडाच कमी वाटत असेल, तर २ व्होल्टचे डोंगल (फोनला थेट जोडायचा छोटा ॲम्प्लिफायर) सुमारे ७ डेसिबल जादा देईल, ४ व्होल्टचे यंत्र १३ डेसिबल. एवढी मोजणी केलेल्या पुष्कळांना असे आढळते की मोठ्या, बॅटरीवाल्या यंत्राची त्यांना गरजच नाही.

ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या बाहेर जाणाऱ्या टोकाचा विरोध) हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, हा प्रचलित नियम चांगला आहे. तो न पाळल्यास, ज्या हेडफोनचा इम्पिडन्स खालच्या सुरांत फुगतो, त्याचा तबल्याचा बायाँ ओघळल्यासारखा ऐकू येतो. प्लेनर (सपाट, पातळ पडदा असलेल्या) हेडफोनला याचा फारसा त्रास नाही, आणि आजच्या बहुतेक चांगल्या यंत्रांत हा आकडा १ ते २ ओहमच्या आत असतो, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जोडणीविषयी मात्र लिहायला हवे, कारण तिथे यंत्र जळू शकते. या जोडणीत दोन्ही कानांच्या उणे तारा वेगळ्या असतात आणि दोन्हींमागे स्वतंत्र ॲम्प्लिफायर असतो, म्हणून व्होल्ट दुप्पट मिळतात आणि ३०० ओहमच्या हेडफोनसाठी तो खरा लाभ आहे. पण बाजारात अगदी स्वस्तात मिळणारा, साध्या ३.५ मिलिमीटरच्या हेडफोनला ४.४ च्या भोकात बसवणारा जोड या दोन उणे तारा एकत्र करतो आणि दोन ॲम्प्लिफायर परस्परांत शॉर्ट होतात. केबल बदलता येणाऱ्या हेडफोनला योग्य केबल घ्यावी. डीटी ८८० सारख्या, केबल पक्की बसवलेल्या हेडफोनला मूळ साध्या जोडणीवरच पुरेसे व्होल्ट देणारे यंत्र शोधावे.

दुरुस्तीच्या टेबलावर सर्वांत जास्त दिसणारे दोष आवाजाचे नसतातच. मोठ्या हेडफोनला ६.३५ मिलिमीटरची जाड पिन असते आणि तिच्यावर धातूचा भरीव ॲडॉप्टर चढवून ती छोट्या यंत्रात खोचली जाते. ते वजन दिवसभर सॉकेटला खाली ओढत राहते, सर्किट बोर्डावरच्या डाखाला केसाएवढी चीर पडते आणि एका कानाचा आवाज ये-जा करू लागतो. चार इंचांच्या लवचीक तारेचा ॲडॉप्टर वापरला तर हे टळते.

दुसरा दोष आपल्या गावाच्या उन्हाचा आहे. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये, असे तिचे निर्मातेच सांगतात, आणि मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा त्या घरात जातो. बंद कारमध्ये डॅशबोर्डवर काय होत असेल हे सांगायला नको. उन्हाळा सरता सरता माझ्याकडे अशी यंत्रे येतात की ज्यांचे मागचे झाकण शिवणीवर उकललेले असते आणि आतली चपटी बॅटरी उशीसारखी फुगलेली असते. तशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. खरेदी करतानाच बॅटरी स्क्रूच्या झाकणाखाली आहे की गोंदाने चिकटवलेली आहे, हे विचारावे, कारण यंत्राच्या इतर भागांच्या कितीतरी आधी बॅटरी संपते. स्वतःची बॅटरी नसलेले डोंगल या बाबतीत निश्चिंत आहे. ते फोनची बॅटरी खाते आणि थोडे तापते, एवढेच. माझ्या मते ३०० ओहमच्या हेडफोनसाठी ४ व्होल्टचे डोंगल हा नागपूरकराला सर्वांत शहाणपणाचा पर्याय आहे.

'पोर्टेबल' या गोष्टीबाबतही थोडी शंका घ्यावी. चालवायला जड असणारे बहुतेक हेडफोन ओपन-बॅक असतात; त्यांतून आवाज बाहेर येतो आणि बाहेरचा आत जातो. मेट्रोत ते लावले तर शेजारचा प्रवासी आपले गाणे फुकट ऐकतो आणि आपण डब्याची घरघर. घरातही एप्रिल ते जून कूलर चालू असतो. त्याच्या घोंगावण्यावर मात करण्यासाठी व्हॉल्यूम वाढतो, आणि ॲम्प्लिफायर दमदार असेल तर तो वाढवता येतो, हाच धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावी, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. वर हिशेबासाठी घेतलेले ११० डेसिबल हे क्षणभराच्या मोठ्या आवाजासाठी आहेत, सतत ऐकण्यासाठी नव्हेत. कूलरच्या खोलीत बंद पाठीचा, सहज चालणारा हेडफोन बरा. ओपन-बॅक रात्री, कूलर बंद करून किंवा दुसऱ्या खोलीत बसून लावावा.

यंत्रांचे आकडे उघड करणे कंपन्यांना अवघड नाही. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने 'ओ-टू' नावाच्या, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणाऱ्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा आराखडा सर्व मोजमापांसह खुला केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला. एकटा माणूस जे करू शकला, ते व्यापारी कंपन्यांनी न करण्याचे कारण दिसत नाही. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहेच. ती पट्टी नसलेला माल स्वस्त मिळाला तरी वॉरंटीसाठी कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न उरतो. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत यापुढे अशा यंत्रांचा तक्ता द्याल, तेव्हा त्यात मिलिवॅटच्या एका आकड्याऐवजी ३०० ओहमवरचे व्होल्ट, ३२ ओहमवरचे मिलिवॅट, आउटपुट इम्पिडन्स आणि बॅटरी बदलता येते की नाही, एवढे रकाने असावेत. कंपनीने आकडा दिला नसेल तर तो रकाना रिकामा छापावा. आणि शहरातील विक्रेत्यांनी ग्राहकाला त्याचा स्वतःचा हेडफोन, स्वतःचा फोन आणि त्याचे मंद पातळीचे मुद्रण लावून दुकानातच ऐकू द्यावे, बिल त्यानंतर करावे.

आपला विश्वासू,
ध्वनियंत्र दुरुस्ती करणारा एक वाचक,
सीताबर्डी, नागपूर