ओखोत्स्क सागराच्या काठी दुभाषी झालेल्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले आभार मी जपानमधल्या मोम्बेत्सुच्या बसथांब्यावरच मानले होते आणि आपण "त्यात काय एवढं?" म्हणून ते तिथेच संपवले होते. तरीही हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण आपण केलेली मदत माझ्यापुरती राहिलेली नाही. ती सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेच्या वर्गात पोहोचली आहे आणि आमच्या शेजारच्या शाळांतले शिक्षकही आता तिच्याबद्दल विचारू लागले आहेत. आपले नाव कुठे छापू नये, ही आपली इच्छा मी पाळतो. आपण मूळच्या कराडच्या आणि सध्या साप्पोरोत राहता, एवढी ओळख वाचकांना पुरेशी आहे.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त साप्पोरोत असतो. त्याच्याकडे आलो असताना होक्काइदो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, ओखोत्स्क सागराकाठच्या मोम्बेत्सु या गावी, सागरी हिमाला, म्हणजे समुद्राचे पाणी गोठून बनणाऱ्या तरंगत्या बर्फाला, वाहिलेले संग्रहालय आहे असे कळले आणि ते पाहायचेच असे मी ठरवले. ऐन वेळी पुतण्याला रजा मिळेना आणि आम्हा नवराबायकोला जपानी भाषेचा गंध नाही. आपली आमची ओळख नव्हती. पुतण्याच्या एका फोनवर आपण इतक्या लांबच्या बसप्रवासाला तयार झालात, दिवसभर आमच्यासोबत राहिलात, आणि तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. याबद्दल आम्ही दोघेही आपले ऋणी आहोत.

मात्र माझी खरी कृतज्ञता एका प्रश्नाशी बांधलेली आहे. दहावीच्या वर्गाला मी दरवर्षी पाण्याचे असंगत आचरण, म्हणजे चार अंशांखाली थंड होताना पाण्याने आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावणे, शिकवतो. ते दाखवणारे होपचे उपकरण, चार अंश सेल्सिअसला पाण्याची घनता सर्वाधिक असणे, थंड प्रदेशातील तलाव वरून गोठणे आणि खालच्या चार अंशांच्या पाण्यात मासे जिवंत राहणे, हे सारे मी फळ्यावर मांडतो. सांगलीच्या मुलांनी गोठलेला तलाव पाहिलेला नसतो, त्यांना ते माझ्या शब्दावर मानावे लागते. एका मुलीने मला विचारले होते, "सर, मग समुद्राच्या तळाशीपण चार अंशच असतात का?" समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे तिथे हा नियम तसाच लागू होत नाही, इतके उत्तर मी तिला दिले होते. पण समुद्र नेमका कसा गोठतो, हे समोर दाखवता येईल असे काही माझ्यापाशी नव्हते. बसमध्ये मी हा प्रश्न आपल्याला सांगितला तेव्हा आपण तो एका कागदावर टिपून घेतलात आणि म्हणालात, "हे मला नीट माहीत नाही, पण तिथल्या माणसांना विचारू या." ते वाक्य मला अजून आठवते, कारण त्यानंतरचा सगळा दिवस आपण त्या वाक्याला जागलात.

संग्रहालयातील उणे वीस अंशांच्या दालनात शिरण्यापूर्वी आपण माझ्या पत्नीच्या जाड कोटाची चेन स्वतः गळ्यापर्यंत लावून दिलीत. आत समुद्रातून आणलेले खरे हिम ठेवलेले होते, आणि पारदर्शक बर्फाच्या ठोकळ्यांत गोठवलेले मासे व खेकडे असे उभे होते की त्यांच्या खवल्यांवरची रेघन् रेघ मोजावी. नाकातले केस ताठ झाल्याची जाणीव मला आयुष्यात प्रथम झाली. बहुतेक पाहुणे थोड्या वेळात बाहेर पडत होते. आपण मात्र एका हिमखंडापाशी थांबून तिथल्या कर्मचाऱ्यांना माझा प्रश्न विचारलात, त्यांचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलेत, मधे दोनदा त्यांना थांबवून खात्री करून घेतलीत आणि मग मला मराठीत सांगितलेत.

ते उत्तर मी इथे सविस्तर लिहितो, कारण ते विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाच्या उपयोगाचे आहे. समुद्राच्या पाण्यात दर किलोग्रॅममागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्यासाठी सुमारे उणे १.८ अंश लागतात. शिवाय क्षारांचे प्रमाण २५ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल, तर पाणी गोठणबिंदूपर्यंत सतत जड होत जाते, चार अंशांना थांबत नाही. त्यामुळे वरचे पाणी थंड झाले की खाली बुडते, खालचे कोमट पाणी वर येते, आणि खोल समुद्र सहजासहजी गोठू शकत नाही. मग अवघ्या ४४ अंश उत्तर अक्षांशावरचा ओखोत्स्क सागर दर हिवाळ्यात गोठतो तरी कसा? त्याचे मोठे कारण रशिया-चीन सीमेवरून वाहत येणारी आमूर नदी. तिचे गोडे पाणी समुद्रात मिसळून वरचा सुमारे ५० मीटरचा थर कमी खारट, म्हणजे हलका राहतो. सैबेरियावरून येणारे वारे त्याला गार करतात, पण तो थर थंड होऊनही खालच्या अधिक खाऱ्या, जड पाण्यात बुडत नाही. साऱ्या समुद्राऐवजी तेवढाच थर थंड व्हावा लागतो आणि म्हणून तो गोठतो. एक नदी समुद्राला गोठायला मदत करते, हे कळले तेव्हा मला कृष्णेच्या काठी वाढल्याचा अभिमान का वाटला हे सांगता येणार नाही, पण वाटला खरा.

त्याच हिमखंडाच्या तळाकडची तपकिरी झाक आपण मला बोटाने दाखवलीत. ती मातीची असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती हिमात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांची होती. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक क्षारांना आपल्यात घेत नाहीत. ते क्षार अतिशय खाऱ्या पाण्याच्या रूपात केसासारख्या बारीक नळ्यांमध्ये आणि कप्प्यांमध्ये अडकतात, आणि त्याच नळ्यांत ही शैवाले हिवाळा काढतात. वसंतात हिम वितळले की ती समुद्रात मोकळी होतात, उन्हाबरोबर तिथे वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, भरभराट होते, ते खाऊन प्राणिप्लवक, म्हणजे तरंगणारे बारीक प्राणी, वाढतात, आणि मासे व शिंपले त्यांच्यावर पोसले जातात. त्या किनाऱ्यावरच्या स्कॅलप शिंपल्यांच्या धंद्याचे मूळ असे समुद्राच्या सुपीकतेत आहे. नळ्यांतून गळून गेलेले थंड, खारे, जड पाणी खाली उतरते आणि आमूरने आणलेले लोह सोबत घेऊन मध्यम खोलीवरून उत्तर प्रशांत महासागराकडे जाते. ज्या बर्फाला मी निर्जीव समजावे असे माझ्या पाठ्यपुस्तकातली सगळी चित्रे सांगतात, तो एका फार मोठ्या अन्नसाखळीची पहिली कडी निघाला.

मग क्लायोनीची टाकी. जेमतेम बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार जीव, पोटात नारिंगी ठिपका, आणि दोन्ही बाजूंचे पंख संथपणे हलवीत वर चढणारा. हा मुळात गोगलगाईच्या कुळातला. अंड्यातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत तो आपला शंख टाकून देतो. माझी पत्नी "किती गोड!" म्हणाली आणि आपण हसून तिला तो जेवतो कसा हे सांगितलेत. लिमासिना नावाची शंखधारी, पोहणारी गोगलगाय जवळ आली की क्लायोनीचे डोके दुभंगते, आतून सहा सोंडेसारख्या स्पर्शिका बाहेर येऊन भक्ष्याला घट्ट धरतात, आणि मग तोंडातले आकडे त्याला शंखातून ओढून काढतात. पत्नी त्या टाकीसमोरून बराच वेळ हलली नाही. तिला विज्ञानात रस नाही असे ती स्वतः म्हणत आली आहे, आणि त्या दिवसापासून मी ते मानायचे सोडून दिले आहे.

किनाऱ्यापासून सुमारे एक किलोमीटर आत उभ्या असलेल्या मनोऱ्यात उतरून आपण आम्हाला समुद्रपृष्ठाखालचे पाणीही दाखवलेत, आणि बर्फ फोडण्यासाठी पुढच्या टोकाला प्रचंड मळसूत्रे बसवलेल्या गारिंको जहाजाची माहितीही दिलीत. त्याचे पहिले रूप अलास्कातील तेलक्षेत्रांसाठी प्रायोगिक जहाज म्हणून घडले होते आणि १९८७ पासून ते पर्यटकांना सागरी हिमात नेऊ लागले. वेळ थोडा असल्यामुळे तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही.

आपल्या मदतीचे मोल मला कशात वाटते, हे स्पष्ट लिहितो. दुभाष्याचे काम करताना जे समजले नाही ते गाळणे किंवा अंदाजाने भरून काढणे सोपे असते, आणि ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. आपण एकदाही तसे केले नाहीत. सागरी हिम कमी होत आहे का, असे मी विचारले तेव्हा आपण भिंतीवरची माहिती दोनदा वाचलीत, पुन्हा माहिती कक्षात जाऊन आलात आणि मगच सांगितलेत की, जपानच्या हवामान खात्याच्या १९७१ पासूनच्या नोंदींत ओखोत्स्क सागरातील हिमाचे क्षेत्र वर्षागणिक कमीजास्त होत असले, तरी एकंदर कल घटीचाच आहे. शिक्षकाच्या पेशात इतकी वर्षे घालवूनही खात्री करून मगच बोलण्याची अशी शिस्त मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

सांगलीला परतल्यावर मी हा सगळा भाग वर्गात मांडला. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता अकरावीत आहे, तरी तिला मुद्दाम बोलावून घेतले. मुलांनी नकाशावर आमूर शोधली, आणि मग एकाने कृष्णेवर बोट ठेवून विचारले की आपल्या नदीचे पाणी समुद्रात काय करते. बंगालच्या उपसागराचा वरचा थर गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, कृष्णा या नद्यांमुळे आणि पावसामुळे असाच कमी खारट राहतो, हे सांगताना वर्गात जी शांतता होती, ती मला परीक्षेच्या तासालाही मिळत नाही. त्यांचा दुसरा प्रश्न मी आपल्याला कळवला होता : उणे १.८ अंशांच्या पाण्यात माशांचे रक्त का गोठत नाही? आपण वाचून, विचारून, चार पानी पत्र पाठवलेत. शास्त्रज्ञ आर्थर डिव्हरीज यांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातील माशांच्या रक्तात शोधलेली प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांची वाढ कशी रोखतात, हे आपण आकृतीसह लिहिले आहे. ते पत्र प्रयोगशाळेच्या कपाटावर लावले असून मुले त्यातल्या आकृत्या वहीत उतरवून घेतात.

मिरज आणि तासगाव येथील काही शिक्षकांनी त्या पत्राची प्रत मागितली आहे. आपली परवानगी असेल तर आपले नाव झाकून ती त्यांना देईन. दिवाळीत आपण कराडला येणार असल्याचे पुतण्याकडून कळले. तेव्हा एक दिवस सांगलीसाठी राखून ठेवावा, अशी माझी, माझ्या पत्नीची आणि वर्गाची विनंती आहे. मुलांनी प्रश्नांची वही आत्तापासून सुरू केली आहे, आणि सीलची पिल्ले बर्फावर का जन्मतात हा तिच्यातला पहिला प्रश्न आहे. आपल्या आईवडिलांस आमचा नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
सांगलीचा एक विज्ञान शिक्षक