शस्त्रक्रिया उत्तम झाली. शुश्रूषेची तक्रार कोणी ऐकायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या सासूबाई, वय 82, गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले, दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली, हे आधीच नमूद करते. वृद्धांच्या खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी असे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात, आणि त्या बाबतीत कोणीही कुचराई केली नाही. माझी तक्रार शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी आहे, आणि त्याहूनही अधिक, ती तक्रार मांडायला गेल्यावर जे अनुभवाला आले त्याविषयी आहे.

रक्तातील सोडियम उतरल्यामुळे त्यांना काही दिवस अतिदक्षता विभागात ठेवले होते. तेथे नातेवाइकांना सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ भेटू देतात, ते योग्यही असेल. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी काढून आमच्या हाती दिलेले कानाचे मशीन आम्ही परत नेऊन दिले आणि ते त्यांच्या कानाला लावावे अशी विनंती केली, तरी प्रत्येक भेटीत ते उशाशी डबीतच दिसे. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांच्या डोळ्यांवर चष्मा नाही आणि जवळ ओळखीचे कोणी नाही, अशा सासूबाई रात्री बरळू लागल्या, सलाइनची नळी ओढू लागल्या, तेव्हा त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधण्यात आले. त्याबद्दल घरच्या कोणालाही विचारले नव्हते. आम्हाला ते त्यांच्या मनगटांवरच्या वळांवरून कळले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असा संभ्रम होतो, त्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि त्यामागे सोडियमची कमतरता, वेदना, तुंबलेली लघवी किंवा जंतुसंसर्ग यांपैकी काही आहे का, हे पाहावे लागते. चष्मा, कानाचे मशीन आणि घरचे माणूस हे त्यावरचे पहिले आणि बिनखर्चाचे उपाय आहेत. आम्हाला मात्र एवढेच सांगण्यात आले की, वय झाले आहे, असे व्हायचेच.

सासूबाईंना साध्या वॉर्डात हलवले, तेव्हा अंग पुसताना मला त्यांच्या माकडहाडावर कातडी सोलवटलेली, मध्यभागी काळपट पडलेली जखम दिसली. ड्युटीवरील सिस्टरांचे म्हणणे असे की, ती घरूनच आली असावी. दाखल करतानाच्या कागदावर मात्र त्वचेच्या रकान्यात ‘नॉर्मल’ असे लिहिलेले होते. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, हे परिचारिकांच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते आणि घरी अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईलाही ठाऊक असते. वृद्धाची पातळ झालेली कातडी, ओला राहिलेला डायपर आणि एकाच जागी पडणारा दाब एकत्र आले की जखम व्हायला फार दिवस लागत नाहीत. भरायला मात्र महिने लागतात.

पुढचा अनुभव केस पेपरचा. आम्ही उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्या, तर आधी कोर्टाचा कागद आणा असे सांगितले, मग विमा कंपनीने मागितल्यासच देतो असे सांगितले. वस्तुतः वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे 2002 चे विनियम स्पष्ट सांगतात की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर 72 तासांच्या आत ही कागदपत्रे द्यावीत, आणि रुग्णाचा हा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच, 1996 साली मान्य केलेला आहे. विनियमाचा क्रमांक लिहून अर्ज दिल्यावर प्रती मिळाल्या. त्यांत कूस बदलल्याचा तक्ता आहे. रात्रंदिवस दर दोन तासांनी, एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, एकही रकाना रिकामा न ठेवता भरलेला! ज्या वेळी सासूबाईंना एक्स-रेसाठी खालच्या मजल्यावर नेले होते, त्या वेळेसमोरही ‘डावी कूस’ अशी नोंद आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. रात्रपाळीला त्या विभागात ज्या मुली होत्या त्या कामचुकार नव्हत्या. दोघींनी मिळून सगळे पलंग, सगळ्या सलाइन, सगळे मॉनिटर आणि वर ही कागदपत्रे सांभाळायची म्हटल्यावर तक्ता पहाटे एकदाच बसून भरला जाणार, हे उघड आहे. अपुरी माणसे नेमण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, आणि म्हणूनच माझी तक्रार त्यांच्यापैकी कोणाच्या नावाने नव्हती. ती व्यवस्थापनाकडे होती, आणि व्यवस्थापनाने ती लेखी घेण्यासच नकार दिला. “तोंडी सांगा, आम्ही बघतो,” असे अत्यंत गोड शब्दांत सांगण्यात आले. पत्रावर पोच मात्र कोणी देईना. शेवटी ते स्पीड पोस्टाने पाठवले.

रुग्णालयाबाहेर दाद मागण्याच्या जागा कागदावर पुष्कळ आहेत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरांच्या वर्तनाची चौकशी करते; आमची तक्रार कोणत्याही डॉक्टरविरुद्ध नव्हती. नोंदणीकृत परिचारिकांसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे. पण मग सारे खापर रात्रपाळीच्या त्या दोन मुलींच्याच डोक्यावर फुटणार, आणि प्रत्यक्षात अंग पुसणे, डायपर बदलणे ही कामे करणाऱ्या मावश्या तर कोणत्याच परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. परंतु तेथे मिळते ती भरपाई, आणि आम्हाला पैसे नको आहेत. उरतो तो खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा, म्हणजे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949. त्याखालील नियमांत जानेवारी 2021 मध्ये सुधारणा झाली, रुग्णांच्या हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आणि स्थानिक पर्यवेक्षण प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या रुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार निवारणाची सोय ठेवण्यास सांगितले गेले. त्या सोयीचा लाभ घ्यायला गेल्यावर टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, “बिलाबद्दल आहे का?” नाही म्हटल्यावर अर्ज कोणत्या फायलीत लावायचा हेच तेथील लिपिकाला सुचेना.

त्या रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापाशी एक मोठा लाल फलक आहे. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास 2010 च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे त्यावर लिहिले आहे. तो फलक असलाच पाहिजे. डॉक्टरांना मारहाण करणाऱ्यांविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. परंतु त्याच अधिनियमात, वैद्यकीय हलगर्जीपणा किंवा गैरव्यवस्थापनाचा फटका बसलेल्यांची गाऱ्हाणी ऐकून त्यांना योग्य ठिकाणी दाद मागण्यास साहाय्य करणारे, तज्ज्ञांचे प्राधिकरण नेमण्याचीही तरतूद आहे, हे त्या फलकावर नाही आणि कोणी सांगतही नाही. हे प्राधिकरण कोठे बसते आणि सामान्य माणसाने त्याच्याकडे कसे जायचे, हे शासनाने जाहीरपणे सांगावे, आणि आपल्या वृत्तपत्राने ते विचारावे, ही माझी विनंती आहे.

ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. चांगली योजना आहे. तीत उपचारांचे पैसे ठरलेल्या पॅकेजने दिले जातात आणि शुश्रूषा त्याच रकमेत धरलेली असते. खुब्याचा सांधा बसवला की नाही हे एक्स-रेवरून तपासता येते. कूस बदलली की नाही हे तपासणारे मात्र कोणी नाही. वृद्ध रुग्ण दाखल होताना आणि घरी जाताना त्याची त्वचा नातेवाइकासमोर पाहून नोंदवावी व त्यावर नातेवाइकाची सही घ्यावी, हात बांधायची वेळ आली तर कारण आणि वेळ लिहून घरच्यांना त्याच दिवशी कळवावे, आणि लेखी तक्रारीला तारखेसह पोच देणे रुग्णालयाला बंधनकारक असावे, एवढे जरी 2021 च्या नियमांत जोडले तरी पुष्कळ होईल. यांतल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही.

रुग्णालयाकडून आमच्या पत्राला दोन ओळींचे उत्तर आले आहे. रुग्णाची जखम भरत असल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. आम्ही ते बंद झालेले मानत नाही, असे त्यांना लेखी कळवले असून त्याची प्रत, कूस बदलल्याच्या तक्त्यासह, पर्यवेक्षण प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात दिली आहे. तेथे मात्र आवक क्रमांक आणि शिक्का दोन्ही मिळाले.

आपली एक वाचक
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)