मनोविकार : उत्क्रांतीचे कारण पुरे पडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मनोविकार हा उत्क्रांतीचा वारसा आहे, असे मांडणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. अतिकाळजीपुरते ते पटते. गवत हलताच वाघ समजून पळणारा दहादा उगाच धावला असेल, पण न पळणाऱ्याला एकच चूक भोवली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यासाठी धुराच्या अलार्मची उपमा देतात : पोळी करपली तरी तो वाजतो, ते चालवून घ्यावे लागते.

हाच न्याय लेखकाने स्किझोफ्रेनियाला लावला, तिथे मात्र गाडी घसरली. भास होणारी माणसे पूर्वी टोळीचे भगत होत, म्हणून तो आजार टिकला म्हणे! वाचायला छान. प्रत्यक्षात या रुग्णांना सरासरीने मुले कमीच होतात, आणि भावाबहिणींना जादा मुले होऊन ती तूट भरून निघत नाही. आजारात शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. एकसारख्या जुळ्यांत एकाला तो झाला, तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता फार तर निम्मी. बाकीचे गर्भारपणातली आबाळ, लहानपणचे हाल, गांजा यांतही शोधावे लागते.

वेड कशाला म्हणायचे हे संस्कृतीवर ठरते, हा मुद्दा लेखकाने दोन ओळींत उरकला. तो तर नागपूरकरांच्या दारातला! ताजुद्दीन बाबांना इंग्रजी अमलात 1892 मध्ये इथल्याच वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आणले. सरकारी दप्तरात वेडा, लोकांच्या लेखी अवलिया. पण म्हणून प्रत्येक रुग्णाला बाबा-भगतांच्या हवाली करावे, असे नाही. तामिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या 28 रुग्णांना पळताही आले नाही. बांधून ठेवण्याची रीत देवळांकडेही होतीच.

उलट बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 1960च्या दशकाअखेर सुरू केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पाहणीत आग्र्याचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा चांगले सावरलेले दिसले. निष्कर्षांवर पुढे वाद झाले, पण घरच्यांचा आधार हे एक कारण मानले गेले.

तो आधार आता आटतो आहे. बरे झालेले कितीतरी जण नातेवाईक नेत नाहीत म्हणून देशभरच्या मनोरुग्णालयांत पडून आहेत. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला तिथे ठेवता येत नाही, असे 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 19 सांगते. अशांसाठीची निवासगृहे नागपुरात किती चालू आहेत, ही बातमी आपल्या वार्ताहराने काढावी.

– एक वाचक, सक्करदरा, नागपूर