नागिणीचं तोंड, शेपूट आणि लस

पुणे, १८ मे २०२५

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी नागिणीच्या लशीबद्दलच्या सगळ्या शंका एका दमात सांगितल्या, आणि आईने मागून "अगं, पण ती खर्चिक आहे ना?" एवढंच विचारलं. खरं तर तिचाच प्रश्न सगळ्यांत नेमका होता. फोनवर निम्मं बोलायचं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहिते. आई, चष्मा लाव. बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, ते मध्येच वाद घालतात.

आधी तुमच्या इंदूरच्या नेहरू पार्कातल्या मंडळींचा मुद्दा: "नागिणीला कसली आलीय लस!" आपण नागीण म्हणतो, शेजारी कोणी 'मकड़ी मूत गई' म्हणतं, कोणी 'जनेऊ', म्हणजे जानवं. नाग नाही आणि कोळीही नाही. त्यातल्या त्यात जनेऊ हे नाव बरंच नेमकं आहे. पुरळ पाठीच्या कण्यापासून तिरकं पुढे येतं, एका पट्ट्यात, पण अंगाच्या एकाच बाजूला. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या की आपल्याला वाटतं प्रकरण मिटलं. तो विषाणू मात्र शरीरातून जात नाही, मणक्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये मुक्काम ठोकतो. पन्नाशीनंतर प्रतिकारशक्तीचा पहारा सैल होतो. मधुमेह असेल तर, आई, आणखी सैल. मग एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. आधी दोन-तीन दिवस आग, टोचणी, मग पाणीदार फोड.

प्रत्येक मज्जातंतूची हद्द अंगाच्या मधल्या रेषेपाशी संपते, म्हणून फोडही तिथेच थांबतात. 'तोंडाला शेपूट मिळालं की माणूस गेला' हे म्हणूनच खोटं आहे. या भीतीने लोक मंत्रवाल्याकडे धावतात, गेरू लावतात, दूर्वा-तांदळाचा लेप देतात. फोड आठ-दहा दिवसांत आपोआप खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी बरी होते. श्रेय लेपाला मिळतं, आणि हातचे निसटतात ते पहिले ७२ तास. असायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी गोळी त्या वेळात सुरू झाली तर खरा उपयोग. असायक्लोव्हिर साधारणपणे ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात, म्हणून परस्पर आणून खायची नाही. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, कारण तोच मज्जातंतू डोळ्यालाही जातो.

खरी भीती मरणाची नाही, मागे राहणाऱ्या दुखण्याची आहे. काहींना फोड गेल्यावरही तीन महिन्यांहून अधिक काळ त्या जागी आग होत राहते. सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही, पंख्याचा वारा नको वाटतो. वय जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त. लस आहे ती मुख्यतः यासाठी.

आता "इतकी वर्षं नव्हती, आत्ताच कुठून उगवली?" याबद्दल. भारतात ती २०२३ मध्ये आली, अमेरिकेत मंजुरी ऑक्टोबर २०१७ ची आहे. म्हणजे आपल्याकडे नवी, जगात साडेसात वर्षांची. त्याआधी २००६ पासून तिकडे वेगळी लस होती, कमजोर केलेल्या जिवंत विषाणूची. ती निम्म्या जणांनाच वाचवायची, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबली. पार्कात "ती तर बंद पडली ना?" असं कोणी म्हणत असेल, तर ते या जुन्या लशीबद्दल आहे.

नव्या लशीत, शिंग्रिक्समध्ये, विषाणू नाहीच, ना जिवंत ना मेलेला. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनाचे ५० मायक्रोग्रॅम असतात आणि सोबत प्रतिकारशक्तीला हाक देणारं मिश्रण. त्या मिश्रणातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून येतो. आपल्या रिठ्यात फेस आणणारं जे सॅपोनिन असतं त्याच्याच जातीतला. हे मिश्रण जोरकस आहे, म्हणून लस चांगली चालते. दंड भरून येतो तोही बराचसा त्याच्याचमुळे.

बाबा, कोविशिल्डने गुठळ्या होतात मग हिचं काय, ही तुमची शंका मी हसण्यावारी नेत नाही. एप्रिल २०२४ च्या शेवटी बातमी आली की, अतिशय क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात असं मूळ कंपनीने, अ‍ॅस्ट्राझेनेकाने, ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केलं. लोकांना वाटलं, तीन वर्षं लपवलं. युरोपच्या औषध नियामकाने तो धोका २०२१ मध्येच जाहीर करून माहितीपत्रकात घालायला लावला होता. आपल्याकडे तो साध्या भाषेत पोहोचवला गेला नाही, हा दोष खरा आहे आणि त्याची किंमत आता प्रत्येक नवी लस मोजते आहे. त्या गुठळ्या साधारणपणे लस घेतल्यापासून ४ ते ४२ दिवसांत व्हायच्या. तुमच्या डोसांना वर्षं लोटली. शिवाय तो प्रकार अ‍ॅडिनोव्हायरस नावाचा दुसराच विषाणू वाहन म्हणून वापरणाऱ्या लशींशी जोडलेला होता. इथे ते वाहनच नाही.

पण या लशीचा स्वतःचा एक क्वचित धोका आहे, तो सांगायलाच हवा. गिलां-बारे नावाच्या आजारात पायांपासून अशक्तपणा आणि मुंग्या वर चढत जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये इशारा जोडला. ६५ वर्षांवरच्या लोकांत दहा लाख डोसांमागे सुमारे ३ जादा रुग्ण, लस घेतल्यापासून ४२ दिवसांत, असा त्यांचा अंदाज. म्हणून डोसनंतर सहा आठवडे असं काही जाणवलं तर "उन्हाने असेल" म्हणत बसायचं नाही. थेट मोठ्या रुग्णालयात जायचं आणि लशीची तारीख सांगायची.

आता आकडे. लस "नव्वद टक्के" वाचवते म्हणजे कशाचे टक्के, हे बाबांनी बरोब्बर विचारलं. सत्तरीच्या पुढच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत सरासरी पावणेचार वर्षांत, खोटं इंजेक्शन घेतलेल्या ६,६२२ जणांपैकी २२३ जणांना नागीण झाली. खरी लस घेतलेल्या ६,५४१ जणांपैकी २३ जणांना. हा फरक म्हणजे ते नव्वद टक्के. हेच दुसऱ्या बाजूने पाहा: लस न घेणाऱ्या हजार जणांपैकी वर्षाला साधारण नऊ जणांना नागीण झाली. म्हणजे यंदा नाही घेतली तर यंदा होईलच असं मुळीच नाही. धोका दर वर्षी थोडा आणि वर्षावर वर्ष साठत जाणारा आहे. अकरा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात संरक्षण बरंच टिकलेलं दिसतं. या चाचण्या १८ देशांत झाल्या, त्यात भारत नव्हता, हा पार्कातला आक्षेपही खरा. जपान, कोरिया, तैवान, ब्राझील, मेक्सिको मात्र होते, सगळे गोरेच नव्हते.

आणि आईचा प्रश्न. एका डोसला दहा-अकरा हजारांच्या घरात, प्रत्येकी दोन डोस, म्हणजे तुम्हा दोघांचे चाळीस हजारांच्या वर. सरकारी लसीकरणात ती नाही, आणि विम्यातून सहसा मिळत नाही. टीव्हीवर अमिताभ बच्चन सांगतात म्हणून संशय येतो, तो यावाच, कारण जाहिरातीला विक्री हवी असते. जाहिरात भीती दाखवते पण हजारी नऊ सांगत नाही. एकाच वेळी सगळा खर्च नको असेल तर आधी आईचं बघू, तिचा मधुमेह पाहता. पैशांची व्यवस्था मी करते, तेवढ्यावरून नाही म्हणू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'नागिणीची लस, विसरभोळेपणा गायब' हा मजकूर बाजूला ठेवा. त्यामागे खरा अभ्यास आहे, एप्रिलमध्येच 'नेचर'मध्ये आलेला, वेल्समधला. तिथे २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळत होती, आधी जन्मलेल्यांना नाही. त्या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्यांची तुलना केली, तर सात वर्षांत लस घेणाऱ्यांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान सुमारे एक पंचमांशाने कमी निघालं. पण ती जुनी, जिवंत विषाणूची लस होती, आणि आधीच झालेला विसरभोळेपणा बरा होतो असं त्यात कुठेही नाही. चष्मा कुठे ठेवला ते बाबांना त्यानंतरही आठवणार नाही.

घ्यायचं ठरलं तर पुढचं नीट वाचा, कारण बिघडतं ते इथे.

दवा बाजारातून स्वस्त मिळते म्हणून स्वतः विकत आणून पिशवीतून दवाखान्यात नेऊ नका. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि इंदूरच्या मे-जूनमध्ये स्कूटरची डिकी तापून निघते. बर्फात घालून नेली तर दुसरं संकट: बाटली बर्फाला चिकटून गोठली की ती कायमची वाया, आणि वितळल्यावर डोळ्यांनी ओळखता येत नाही. ज्या दवाखान्यात टोचायची त्यांनीच मागवलेली आणि त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवलेली हवी. फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का आणि रोजची नोंद ठेवता का, एवढं विचारा. या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडे घेऊ नका.

एका डोसच्या दोन छोट्या बाटल्या असतात: एकीत पांढरी पावडर, दुसरीत किंचित दुधी पातळ द्रव. सिस्टरने सगळा द्रव ओढून पावडरच्या बाटलीत घालायचा, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलकेच फिरवायचं आणि मग ०.५ मिलिलिटर भरायचं. परदेशात सुरुवातीच्या काळात झालेल्या चुकांमध्ये नुसता द्रव टोचणं आणि स्नायूऐवजी कातडीखाली टोचणं या दोन्ही होत्या. द्रव एकटा गेला तर दुखणं पदरात, संरक्षण शून्य. म्हणून दोन्ही बाटल्या समोर उघडायला सांगा आणि दोन्हींवरची मुदत वाचा. आधी कालवून ठेवलेली नको. कालवल्यावर लगेच टोचायची, फार तर फ्रीजमध्ये सहा तास.

दंडाच्या वरच्या जाड स्नायूत सुई काटकोनात जायला हवी. आई, त्या दिवशी तंग बाहीचं ब्लाउज नको, बाही अर्धवट सरकवली की सुई खाली जाते. ज्या कुशीवर झोपता त्याच्या विरुद्ध हातावर घ्या. बाबा, तुमची रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन बंद करायची नाही, फक्त टोचल्यावर दोन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा. बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर लावून घ्या आणि कार्डाचा फोटो मला पाठवा.

दोघांनी एकाच दिवशी घेऊ नका. चाचण्यांत चारांपैकी तिघांचा दंड दुखला, निम्म्याच्या आसपास लोकांना अंगदुखी आणि थकवा आला, पाचातल्या एकाला ताप. साधारण सहातल्या एकाला दैनंदिन कामं जमेनात इतका त्रास झाला. दोन-तीन दिवसांत ओसरतो, पण ते दिवस चहा करून द्यायला दुसरा माणूस उभा हवा. आधीपासून पॅरासिटामॉल घेऊन ठेवू नका. ताप किंवा ठणका वाढला तर ५०० ची एक, पुन्हा लागलीच तर सहा तासांनी. बाबांनी ब्रुफेनच्या जातीचं काही घ्यायचं नाही. तोंड सुजणं, धाप लागणं असं काही झालं, तर मात्र गोळी नाही, थेट रुग्णालय.

पहिल्या डोसचा असा त्रास झाला की लोक दुसरा टाळतात आणि अर्धा खर्च पाण्यात जातो. दुसरा दोन ते सहा महिन्यांच्या आत घ्यायचा. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जमेल तेव्हा लवकर घ्यायचा. कांजण्या झाल्या होत्या की नाही हे आठवत नसलं तरी चालतं. त्या दिवशी अंगात ताप असेल तर मात्र पुढे ढकला.

माझ्या हिशेबाने आईचा पहिला शनिवारी, १४ जूनला, बाबांचा पुढच्या शनिवारी. गणपती उठले की १३ सप्टेंबरला आईचा दुसरा, २० ला बाबांचा. दवाखान्याला बाटल्या मागवायला काही दिवस लागतात, म्हणून हो किंवा नाही, जे असेल ते या शुक्रवारपर्यंत कळवा. आणि आई, तुझा शेवटचा साखरेचा रिपोर्ट पाठव, बाबांनी लपवून ठेवलेला तो.

तुमची,
मनू