भेटायचेच तर युवे मास्तरांना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धिबळाच्या कोणत्या जगज्जेत्याला भेटायला आवडेल, असा प्रश्न आपण रविवारच्या पुरवणीत वाचकांना विचारला होता. छापून आलेली उत्तरे वाचली. आनंद, कास्पारोव्ह, फिशर, कार्लसन आणि अर्थातच गुकेश. तक्रार काही नाही, पण मॅक्स युवे यांचे नाव एकानेही घेऊ नये हे मनाला लागले. त्यात मी सांगलीत बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावचा, त्यामुळे बुद्धिबळाचा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

युवे हॉलंडचे. १९२६ मध्ये त्यांनी ॲमस्टरडॅम विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट घेतली आणि पोटापाण्यासाठी तिथल्याच मुलींच्या एका शाळेत गणित शिकवू लागले. बुद्धिबळ काय ते सुट्टीत आणि उरल्या वेळात. या मास्तरांनी १९३५ मध्ये जगज्जेत्या अलेखाइनला आव्हान दिले. अलेखाइन पूर्णवेळ बुद्धिबळावर जगणारा आणि हल्ल्याच्या खेळात त्याचा हात धरणारे त्या काळी कोणी नव्हते. ३० डावांचा सामना हॉलंडमधल्या गावोगावी फिरता खेळवला गेला. नऊ डाव झाले तेव्हा युवे तीन गुणांनी मागे होते. जाणकारांनी तिथेच हिशेब मिटवला असणार. निकाल लागला तो युवे १५.५, अलेखाइन १४.५!

खरी गंमत पुढे आहे. अलेखाइनने १९२७ मध्ये कापाब्लांकाकडून किताब जिंकला होता आणि बिचाऱ्या कापाब्लांकाला परतीचा सामना शेवटपर्यंत मिळाला नाही. युवेंनी मात्र त्याच अलेखाइनला १९३७ मध्ये पुन्हा समोर बसवले आणि साडेपंधरा-साडेनऊ असा सपाटून मार खाल्ला. भेट झाली तर पहिला प्रश्न हाच विचारीन, "सर, अजून दोन-तीन वर्षे टोलवाटोलवी करावी असे एकदाही वाटले नाही?" वाटले असेल तरी ते तसे वागले नाहीत, हे मात्र इतिहासात नोंदले गेले आहे.

दुसरा विषय आमच्या धंद्यातला, म्हणजे गणिताचा. त्या काळी एक नियम होता. खेळ्यांची एकच मालिका लागोपाठ तीनदा झाली, की डाव बरोबरीत. या नियमाने प्रत्येक डाव कधी ना कधी संपतोच, असा समज होता. युवेंनी १९२९ मध्ये गणिताने दाखवून दिले, की नाही, संपत नाही. शून्य लिहा. पुढे त्याचे उलट, म्हणजे एक: ०१. आता या जोडीपुढे तिचे उलट: ०११०. पुन्हा तेच केले की ०११०१००१. असे कितीही लांबवले तरी आकड्यांचा कुठलाही गट लागोपाठ तीनदा येत नाही. शून्य म्हणजे दोन्ही बाजूंनी एक घोडा बाहेर काढून परत घरी नेणे आणि एक म्हणजे दुसरा घोडा, असे ठरवले की नियम न मोडता डाव अनंत काळ चालू! नववीच्या वर्गात हे फळ्यावर मांडले की मागच्या बाकावरची मंडळीही मान वर करायची. पाठ्यपुस्तकात असले काही का नसते, हा वेगळ्या पत्राचा विषय.

युवे म्हणजे कोरडा, हिशेबी खेळाडू असे ज्यांना वाटते त्यांनी १९५३ च्या झुरिच स्पर्धेतला सोव्हिएत ग्रँडमास्टर गेलरविरुद्धचा डाव पटावर मांडून पाहावा. युवे तेव्हा ५२ वर्षांचे, काळी मोहरी घेऊन बसलेले आणि पांढऱ्याचा वजीर युवेंच्या राजाच्या अंगणात घुसलेला. अशा वेळी बाविसाव्या खेळीला त्यांनी आपला हत्ती कोपऱ्यात नेऊन सरळ वजिराच्या तोंडी दिला. गेलरने तो खाल्ला. वजीर कोपऱ्यात जाऊन बसला आणि इकडे युवेंचा दुसरा हत्ती पांढऱ्याच्या घरात शिरला. सव्विसाव्या खेळीनंतर गेलरने डाव सोडला.

पुढे १९७० ते १९७८ युवे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, अध्यक्ष होते. इथे माझे त्यांच्याशी थोडे वाजेल. १९७२ मध्ये स्पास्कीविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्याला फिशर आइसलंडमधल्या रेक्याविकला वेळेवर आला नाही, तेव्हा युवेंनी सामना दोन दिवस पुढे ढकलला आणि नंतर हे नियमबाह्य होते असे लिहूनही दिले. वर्गात उशिरा आलेल्या पोराला आम्ही बाहेर उभे करायचो. अर्थात त्यांनी तसे केले असते तर तो सामना झालाच नसता, हेही कळते. मग १९७५ मध्ये मात्र, तिथे जिंकलेला किताब राखायच्या सामन्यासाठी फिशरने घातलेल्या सगळ्या अटी मान्य झाल्या नाहीत, तो खेळला नाही आणि किताब कार्पोव्हला गेला.

पण युवेंना भेटायचे माझे सर्वांत मोठे कारण आपल्या मुंबईत आहे. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर ही अवघी १३ वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. तिच्या आधी कोणी मुलगी तिथे खेळली नव्हती. बराच गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि थेट फिडेपर्यंत पोहोचले. अध्यक्ष युवेंनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत महिलांना मज्जाव करता येणार नाही. हीच रोहिणी १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई विजेती झाली.

हा निर्णय नेमका युवेंनीच द्यावा, याला मागचा एक संदर्भ आहे. १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या स्पर्धेत महिला जगज्जेती वेरा मेन्चिक पुरुषांत खेळणार म्हटल्यावर आल्बर्ट बेकर या व्हिएन्नाच्या मास्टरने थट्टा केली होती, की तिच्याकडून जो हरेल त्याला ‘वेरा मेन्चिक क्लब’चे सदस्य करू. पहिले सदस्य स्वतः बेकरच झाले. युवेही पुढे इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षे तिच्याकडून हरले आणि रीतसर या क्लबात दाखल झाले. मुंबईचा कागद टेबलावर आला तेव्हा त्यांना हेस्टिंग्जचे ते दोन डाव आठवले का, एवढे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे होते. युवे १९८१ मध्ये गेले, तेव्हा ते राहिलेच.

संपादक महोदय, दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकल्यावर आपण पानेच्या पाने छापलीत, छान केलेत. आता १९७६ च्या त्या प्रकरणावरही एक सविस्तर लेख यावा. कोणी आक्षेप घेतला, न्यायालयात काय युक्तिवाद झाले, युवेंच्या पत्रात नेमके शब्द काय होते, हे आजच्या मुलींना मराठीत वाचायला मिळू द्या. रोहिणी आणि तिच्या बुद्धिबळपटू बहिणी, म्हणजे खाडिलकर भगिनींची मुलाखतही घेता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली